आबांनी पास केलेले बारा चाकू

आमच्या घरमालकांकडे खिशात चाकू ठेवून जायची सोय नव्हती. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला, करंगळीएवढ्या पात्याचा घडीचा चाकू असला तरी त्यांना त्याचा वास लागायचा. मग चहा बाजूला, ज्या कामाला माणूस आला ते काम बाजूला, आणि ते हात पुढे करून म्हणायचे, "बघू."

जळगावात नोकरी लागली तेव्हा मी त्यांची वरची खोली घेतली आणि चार वर्षं तिथे राहिले. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. भुसावळकडच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. तिथे काय तपासायचात, असं विचारलं की "ते सांगायचं नसतं" एवढंच उत्तर मिळायचं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून की काय, त्यांनी मिटणाऱ्या चाकूंचा ध्यास घेतला. चाकू वापरायची त्यांना मुळीच हौस नव्हती. सफरचंदसुद्धा ते दातांनी तोडून खात. उघडलेला चाकू उघडाच राहतो का, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

मला हे सगळं त्यांच्याकडेच पहिल्यांदा कळलं. घडीच्या चाकूच्या मुठीत एक खटका असतो. पातं पूर्ण उघडलं की तो टक् करून पात्याच्या मागे बसतो आणि त्याला मिटू देत नाही. निदान बसायला हवा. तो नीट बसला नाही, तर जरा जोर लावल्याबरोबर पातं उलटं फिरतं आणि मूठ धरलेल्या बोटांवर येतं.

आबांच्या परीक्षेला तीन वस्तू लागायच्या. एक जाड चामड्याचा हातमोजा, एक जेवायला बसायचा पाट आणि शेवग्याची शेंग. शेंगेचा बोटाएवढा तुकडा ते पातं जिथे मिटतं त्या मुठीच्या खाचेवर दोऱ्याने बांधायचे, बरोबर आपली बोटं येतात तिथे. मग पातं उघडून त्याची पाठ पाटावर तीनदा आपटायचे. शेंग शाबूत राहिली तर चाकू पास, आणि मुठीला हिरवा दोरा. पातं मिटून शेंगेचे दोन तुकडे झाले, तर ते तुकडे तळहातावर घेऊन चाकूच्या मालकासमोर धरायचे आणि शांतपणे सांगायचे, "हे तुमचं मधलं बोट."

नंतर ते तुकडे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या आमटीत जायचे. काकूंची आमटी फक्कड असायची, पण आज ती कोणाच्या बोटांची आहे हे आबा जेवताना नावानिशी सांगायचे. त्याची सवय मला चार वर्षांत झाली नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "टक् ऐकू आलं म्हणजे खटका बसला असं नाही." हे वाक्य चाकूपुरतं राहिलं असतं तर हरकत नव्हती, पण ते दाराच्या कडीला, गॅसच्या रेग्युलेटरला, बाळंतविड्याच्या पेटीला, कशालाही लागू व्हायचं. मी सकाळी वरच्या खोलीला कुलूप लावलं की खालून आवाज यायचा, "ओढून बघ." मी मुकाट्याने ओढून बघायची. कधी घाईत नाही ओढलं तर ते स्वतः जिना चढून वर येत आणि ओढून बघत. माझ्या स्कूटीवर बसायला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नकार दिला, कारण सीट दाबल्यावर टक् वाजायचं आणि तरी ती हलायची. ज्या सीटवर आपण बसलोय ती कशावर बसलीय हे माहीत नसताना जायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र दुरुस्तीला वेळ नव्हता.

बाजारात एका मारवाडी शेठजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. आबा तिथे जाऊन नव्या मालाची पेटी उघडायला लावत आणि काउंटरवरच एकेक चाकू आपटत सुटत. गिऱ्हाईक उभं असलं की शेठजींच्या तोंडचं पाणी पळायचं. ते आबांना आत गादीवर बसवत, चहा सांगत, नातवंडांची चौकशी करत, पण आबा चहा पिऊन पुन्हा काउंटरवर हजर. शेवटी शेठजींनी व्यापाऱ्याच्या डोक्याने तोड काढली. नापास चाकू ते गुपचूप घाऊकवाल्याकडे परत पाठवायला लागले आणि हिरव्या दोऱ्याचे वेगळ्या बरणीत ठेवून दुप्पट तोऱ्याने विकायला लागले. आबांना हे कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही. बरणीचं झाकण नीट लागतं का ते मात्र त्यांनी बघितलं.

धुळ्याची गोष्ट तर त्यांच्या नातेवाइकांत अजून सांगतात. धाकट्या मुलीसाठी स्थळ बघायला सगळे धुळ्याला गेले होते. मुलगा तिथल्या कॉलेजात शिकवायचा, घर चांगलं, माणसं मोकळी. पाहुण्यांसाठी मोसंबी आली. मुलाने पाहुण्यांसमोर जरा रुबाब करावा म्हणून खिशातून घडीचा चाकू काढला आणि एका हाताने झटक्यात उघडला. काकू सांगतात की त्यांनी तेव्हाच डोळे मिटून घेतले. आबांनी हात पुढे केला. शेवग्याची शेंग नव्हती, म्हणून त्यांनी व्याह्यांच्या स्वयंपाकघरातून एक गाजर मागवलं. दोन तुकडे झाले. आबा मुलाच्या वडिलांना म्हणाले की मुलगा आम्हाला पसंत आहे, चाकू पसंत नाही. लग्न झालं, जावई आज दोन मुलांचा बाप आहे, आणि मोसंबी हाताने सोलतो.

हे सगळं मी आता हसत सांगते, पण तिथे राहताना मला त्यांचा कित्येकदा वीट यायचा. माझा भाऊ एकदा गावाहून आला होता. आबांनी त्याचा चाकू नापास केला, आणि दोघांची चांगलीच जुंपली. भाऊ म्हणाला, दहा वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही. आबा म्हणाले, दहा वर्षं काही झालं नाही हे चाकूला माहीत नाही. त्या दिवशी मी दुसरी खोली बघायची असं पक्कं ठरवलं होतं. बघितली नाही, कारण काकूंचा जीव लागला होता, आणि भाड्यातही तेवढी चांगली खोली मिळाली नसती.

आता आबा परीक्षा दोनदा घेतात. एकदा कोरड्या चाकूची आणि एकदा चिकाची. आधी ते त्याच चाकूने कच्ची केळी कापतात, पात्यावरचा चीक तसाच वाळू देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर आपटतात. ही दुसरी परीक्षा कुठून आली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्यामुळे आली.

मी केळी पॅक करून बाहेर पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. आमची शेड चोपड्याच्या रस्त्याला, अडावदच्या अलीकडे. तिथे बारा बायका काम करायच्या. घडाच्या दांड्यापासून फण्या कापून वेगळ्या करायच्या, हौदात धुवायच्या, पुसून क्रेटमध्ये लावायच्या. कापायचे चाकू उघडेच असायचे. कामाला येता-जाता बायका ते फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकायच्या आणि टेम्पोत दाटीवाटीने बसायच्या. एकदा गतिरोधकावर टेम्पो आदळला आणि एका पिशवीतला चाकू शेजारणीच्या पोटरीत घुसला. सात टाके पडले. मी ऑफिसात भांडले की बायकांना घडीचे चाकू द्या, म्हणजे वाटेत धोका नाही. साहेब म्हणाले, तुमची जबाबदारी असेल तर देऊ. मी म्हटलं, माझी जबाबदारी, आणि कागदावर सही केली.

चाकू आबांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. या वेळी मला ते हवंही होतं. शेठजींच्या दुकानात दोन पेट्या नापास झाल्या. तिसऱ्या पेटीतले बारा पास निघाले. आबांनी प्रत्येक चाकू तीनदा नाही, दहादा आपटला. दोन दिवस घर दणाणत होतं. बारा हिरवे दोरे बांधून त्यांनी चाकू माझ्या हातात दिले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की जणू कारखान्यातून मोठा माल रवाना केला. म्हणाले, "बेटा, यांच्यासाठी मी सही द्यायला तयार आहे." मी निर्धास्त झाले. चाकू वाटून टाकले आणि दुसऱ्या कामाला लागले.

पाचव्या दिवशी काकूंनी कच्च्या केळ्यांची भाजी केली. केळी सोलून झाल्यावर त्या बडबडत होत्या की बोटं नुसती चिकटलीत, विळीला काळा थर चढलाय, तेल लावल्याशिवाय हा चीक निघायचा नाही. आबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विळीकडे बघत बसले. मग उठून स्वतःचा, स्वतःच पास केलेला चाकू काढला, उरलेली दोन केळी त्याने बारीक चिरली आणि चाकू न पुसता खिडकीत ठेवून दिला. काकूंना वाटलं आज यांना मदतीची लहर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारावर थाप पडली. आबा बनियनवर होते. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात शेंगेचे दोन तुकडे. नेहमीसारखे ते माझ्या नाकासमोर धरले नाहीत. मुठीतच ठेवले होते.

ते म्हणाले की चीक खाचेत जाऊन वाळतो. खटका अर्ध्यावर येऊन थांबतो, टक् वाजतं, पण तो बसत नाही. "मी कोरडे चाकू तपासले," ते म्हणाले. "त्या बायका कोरडं काही कापतच नाहीत."

मी बारा जणींतल्याच मुकादम आक्काला फोन लावला. उचलला नाही. सातलाच काम सुरू व्हायचं आणि आक्काचा फोन पिशवीत, पिशवी खिळ्याला. टेम्पोवाल्याचा बंद. त्या दिवशी माल भरायचा होता, म्हणजे बारा जणी भराभर कापत असणार. मी चावी घेतली. आबा, तुम्ही बसने या, असं म्हणणार होते, तोवर आबा शर्ट अडकवून खाली उतरलेसुद्धा आणि माझ्या स्कूटीवर, त्या हलणाऱ्या सीटवर, जाऊन बसले. माझं दार उघडंच राहिलं होतं. त्यांनी वर बघितलंही नाही.

विदगावचा तापीचा पूल ओलांडेपर्यंत मला सारखी माझी ती सही दिसत होती, आणि आक्काचे हात. सहा दिवस झाले होते. सहा दिवसांत बारा जणींनी किती फण्या कापल्या असतील याचा हिशोब डोक्यातून जाईना. पुढे रस्त्यात केळीचा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा आबा मागून एवढंच म्हणाले, "हॉर्न वाजव."

शेडमध्ये शिरलो तर कोणाच्या तरी फोनवर गाणी लागली होती आणि बायका हौदाभोवती उभ्या राहून कापत होत्या. मी ओरडून चाकू खाली ठेवा म्हटलं. सगळ्या दचकून थांबल्या. आक्का पुढे आली. पन्नाशीची, धिप्पाड, माहेर शिरपूरकडचं. तिला वाटलं माझ्या घरी काही वाईट घडलं. मी धापा टाकत चिकाचं, खटक्याचं सांगायला लागले, तर तिने हातातला चाकू माझ्यासमोर धरला.

चाकूच्या खाचेत बांबूची कामटी ठोकून बसवली होती. तिच्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. पातं मिटायला जागाच नव्हती. बाराच्या बारा चाकूंना तेच केलेलं.

आक्काने सांगितलं ते असं. दुसऱ्याच दिवशी चाकू जड चालायला लागले. एकीचा चाकू दांड्यात अडकला, तिने मूठ पिरगाळली आणि पातं फिरून हातावर आलं. नशिबाने बांगडीवर आदळलं. "बांगडी फुटनी, बोट वाचनं," आक्का म्हणाली. तेव्हा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळे चाकू बांधून टाकले. मला सांगितलं नाही, कारण नवे चाकू बिघडवले म्हणून ऑफिस ओरडेल असं त्यांना वाटलं. आणि घरी जाताना? आक्काने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे केळीच्या खोडाचा हातभर तुकडा उभा होता. संध्याकाळी बाराही चाकू त्यात खुपसून ठेवायचे आणि रिकाम्या हाताने टेम्पोत बसायचं. मी ज्याच्यासाठी ऑफिसात भांडले, सही केली, दोन पेट्या परत पाठवायला लावल्या, ते सगळं केळीच्या एका खोडाने भागलं असतं. मला हसू आलं आणि मी तिथल्या खांबाला धरून उभी राहिले.

आबा हसले नाहीत. त्यांनी आक्काच्या हातातून चाकू घेतला. ट्यूबच्या वरच्या बाजूला त्यांचा हिरवा दोरा अजून होता, चिकाने काळा पडलेला. त्यांनी तो नखाने सोडवला. मग दुसरा चाकू मागितला, त्याचाही सोडवला. बारा दोरे सोडवून होईपर्यंत बायका एकेक चाकू पुढे करत होत्या. कोणीतरी गाणी बंद केली.

"हा पास माझा होता," ते आक्काला म्हणाले. "चुकीचा दिला. माफ करा, बाई."

वडिलांच्या वयाच्या माणसाने असं हात जोडून बोलावं याची आक्कालाच लाज वाटली असावी. तिने आपले दोन्ही हात, चिकाने काळे, पाण्याने सुरकुतलेले, त्यांच्यासमोर पसरले.

"आबा, काही व्हयनं नही. बठ्ठी बोटं शेतस. मोजी ल्या."

सगळी बोटं आहेत, मोजून घ्या, हे तिने त्यांची समजूत काढायला म्हटलं होतं. आबांनी चष्मा पुसला आणि खरोखरच मोजायला सुरुवात केली. खिशातलं पेन काढून एकेका बोटाकडे दाखवत, ओठांत पुटपुटत. बायकांना आधी हसू फुटलं. मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्या आपणहून रांगेत उभ्या राहिल्या आणि हात पसरून वाट बघायला लागल्या. आक्काची दहा. पुढचीची दहा. जिची बांगडी फुटली होती तिचे हात त्यांनी उलटेसुलटे करायला लावले. दहा.

पाचव्या बाईच्या डाव्या हातावर पेन थांबलं. तिथे चारच होती.

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. पेन तसंच हवेत, मोकळ्या जागेकडे धरलेलं. त्या बाईला आधी कळलंच नाही, इतकी तिला त्या हाताची सवय होती. मग कळलं तशी ती ओशाळून पटकन म्हणाली, "हाई मनं लहानपनेच कुट्टीमा गयं, आबा. तुमना चाकूनं नही."

"कडबाकुट्टीत?"

"हा. सात वरीसनी व्हतू मी."

"नक्की?"

तिने हात आणखी पुढे केला. बोटाच्या बुंध्याशी कातडी कधीचीच भरून येऊन गुळगुळीत झालेली होती. आबांनी वाकून, चष्मा वर करून ती नीट बघितली. मग मान हलवली आणि पुढे सरकले. उरलेल्या सात जणींची मोजणी त्यांनी तितक्याच सावकाशीने केली, कोणालाही घाई करू दिली नाही. माल भरायला आलेला ट्रक बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटचा हात झाल्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"एकशे एकोणीस," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सगळी आहेत."